नापासकाकांनी पास केलेली शाल

मॉरिसव्हिलमध्ये एखाद्या मराठी घरात जेवण ठरलं की यजमानीण आधी विचारायची, "गोंडाणे येणार आहेत का?" येणार असतील तर वरणाचं मीठ दोनदा चाखलं जाई आणि नवऱ्याला बजावलं जाई की नवा कुर्ता आज नको, जुनाच घाल. कारण धर्मराज गोंडाणे हा गृहस्थ आला की दिसेल त्या गोष्टीचा निकाल लावून जायचा, आणि निकाल बहुधा एकच असायचा. पोराटोरांनी त्याचं नाव नापासकाका ठेवलं होतं. ते नाव इतकं रुळलं की सहा वर्षांची मुलंसुद्धा समोर येऊन "हाय, नापासकाका" म्हणत, आणि तो गंभीर चेहऱ्यानं "जयभीम बेटा" म्हणून त्यांच्या टी-शर्टाची शिवण बघे.

त्याचा दोष नव्हता. धंदाच तसा होता. सॅनफर्डच्या पलीकडे एक सूतगिरणी आहे, तिथं आलेला कापूस सुतासाठी लायक आहे की नाही हे ठरवणं, यावर त्यानं सारा जन्म काढला. नागपुरात टेक्स्टाइल शिकला, इकडे आला, आणि गाठी फोडून त्यातला पुंजका ओढण्यात केस पांढरे केले. पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, ओढायचा, तुटला की दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचा. असं करता करता सगळे तंतू सरळ होतात आणि हातात एक छोटी झालर उरते. त्या झालरीची लांबी डोळ्याला दिसते. पण तंतूत जीव किती, तो पिकलेला की कच्चा, हे डोळ्याला नाही कळत. ते बोटांच्या टोकांना कळतं, तुटताना जो बारीकसा झटका बसतो त्यातून. आता हे सगळं मोजायला मशीन आहे, मिनिटभरात नंबर येतात, आणि गिरणी चालते ती मशीनवरच. तरी मशीनचा नंबर आणि धर्मराजची बोटं यांचं भांडण झालं तर मॅनेजर बोटांचं ऐकायचा, अशी त्याची ख्याती.

ही सवय घेऊन माणूस समाजात वावरला की काय व्हायचं ते झालं. मंडळाचे पोहे नापास. गणपतीच्या आरासीतला कापूस नापास ("हा कापूसच नाही, पॉलिस्टर आहे, बाप्पाला विचारा"). शार्लटहून एक मुलगा ओळखीतल्या मुलीला बघायला आला होता, चांगला सहा फुटी. धर्मराजनं त्याच्याशी हात मिळवला आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "लांबी बरी आहे. ताकद नाही." बायका पदर तोंडात धरून हसल्या. ते लग्न झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात मोडलं. मग लोक त्याला घाबरायलाच लागले.

त्याला पुरून उरणारी एकच होती, ती त्याची बायको शैला. हिंगणघाटची. इथं आल्यावर केरीच्या लायब्ररीत काउंटरवर बसायची आणि उशिरा पुस्तक आणणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्यांना अशा काही नजरेनं बघायची, की ते दुसऱ्या दिवशी कुकीज घेऊन येत. नवऱ्यानं चारचौघांत भाजीला नाव ठेवलं की ती शांतपणे म्हणे, "हो ना जी, सगळं नापासच आहे. लग्न तेवढं न तपासता केलंत." मग सभा तिची.

तर दोन-तीन वर्षांपूर्वी या धर्मराजला एक नवीनच खोड लागली. कापड दिसलं की तो ते उचलून खालच्या ओठावरून फिरवायचा. आधी तो बोटांनी बघायचा, ते लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. हे ओठांचं प्रकरण मात्र नवं. दिवाळीला विवेकनं, म्हणजे रिटायर्ड डॉक्टर विवेक, ज्याला पुण्याच्या प्रत्येक वस्तूचा अभिमान आहे, खास मागवलेला खादीचा कुर्ता घातला होता. धर्मराजनं भर पंगतीत त्याची बाही धरली, ओठावरून ओढली आणि म्हणाला, "मिक्स आहे." विवेक दोन महिने बोलला नाही. त्याची बायको सुमेधा मात्र ही गोष्ट फोनवरून पार फ्रीमाँटपर्यंत पोचवून मोकळी झाली. आणि मग तर्क सुरू झाले. कोणी म्हणे, म्हातारचळ. कोणी म्हणे, अहो, ही जपानी पद्धत असते. एकीनं तर शपथेवर सांगितलं, की त्याला कापसाची चव लागते आणि तो गिरणीत बसून कापूस खातो.

गप्पा रंगल्या छान, पण खरं काय ते कोणाच्याही ध्यानात आलं नाही. खरं एवढंच होतं की धर्मराजची बोटं गेली होती.

तुटली-बिटली नव्हती. दिसायला धडधाकट. पण जुन्या डायबिटीसनं आधी पाय बधिर केले आणि मग हातांच्या टोकांकडे मोर्चा वळवला. सुरुवातीला त्याला वाटलं, थंडी आहे. मग वाटलं, या वर्षीचा कापूसच असा आहे. मग एका सकाळी गिरणीत त्यानं पुंजका ओढला, तो तुटला, आणि हाताला काहीच कळलं नाही. दुसरा ओढला. तेच. त्यानं इकडेतिकडे बघितलं, आणि कोणी बघत नाही असं पाहून तो पुंजका ओठाला लावला. ओठाला कळलं. मऊ होता. त्याला हायसं वाटलं.

हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. गिरणीत मशीनचा नंबर आधी चोरून बघायचा, मग पुंजका ओढल्याचं नाटक करायचं आणि नंबराशी जुळेल असा निकाल द्यायचा. प्रयोगशाळेत इचलकरंजीची कादंबरी नावाची मुलगी नव्यानं लागली होती. ती भक्तिभावानं म्हणायची, "काका, तुमचं आणि मशीनचं किती मॅच होतं ओ." तो म्हणे, "मशीन शिकतंय हळूहळू." कोटी चांगली होती, पण घरी येताना गाडीत ती त्यालाच टोचायची.

आणि घरी शैला. तिला तरी काय सांगणार? ज्याच्या निकालाला सगळं गाव दबून असतं, त्यानं बायकोसमोर म्हणायचं की बाई, मी स्वतःच नापास झालोय?

*

मागच्या जयंतीला शैलानं एक निळी शाल विकत आणली. चौदा एप्रिलच्या आसपासचा शनिवार, हॉल घेतलेला, पांढऱ्या साड्या, त्यावर निळ्या शाली, वंदना झाली, पोरांची भाषणं झाली. जेवताना धर्मराजनं शालीचं टोक ओठाला लावलं आणि चार बायकांसमोर जाहीर केलं, "नापास. दोन धुण्यांत गोळे येतील."

शैला पानावरून मान न उचलता म्हणाली, "मग चांगली आणून द्या. इतकी वर्षं कापूस पास करता. त्याचं सूत होंडुरासला जातं, तिथं टी-शर्ट होतात, जगाच्या अंगावर चढतात. तुमच्या हातचा कापूस माझ्या अंगावर कधी येणार आहे?"

सगळे हसले. धर्मराजही हसला. पण ते वाक्य त्याच्या मनात काट्यासारखं राहिलं, कारण ते खरं होतं. त्यानं तिला साड्या आणल्या होत्या, सोनं आणलं होतं, एकदा व्हॅक्यूम क्लीनरही आणला होता. आपण निवडलेल्या कापसाचा एक धागाही कधी आणला नव्हता.

ऑगस्टमध्ये शैलाच्या पोटात दुखायला लागलं. गाठ निघाली. स्कॅन झाले, आणि डॉक्टरनं जे सांगितलं ते धर्मराजनं मान हलवत ऐकून घेतलं. शैला तेव्हा औषधाच्या गुंगीत होती. गुंगीतून उठल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाला?"

"चांगलं आहे," धर्मराज म्हणाला. "लवकर सापडलं."

जन्मभर एकही कच्ची गाठ ज्यानं पुढं जाऊ दिली नव्हती, त्यानं हे एक खोटं पास केलं. आणि एक पास केलं की दुसरं करावंच लागतं. दर वेळी रक्ताचे रिपोर्ट फोनवर यायचे, ते तो स्वतः उघडायचा आणि तिला वाचून दाखवायचा. नंबर वर गेले तर म्हणे स्थिर आहेत, फार वर गेले तर म्हणे औषधाचा परिणाम आहे. शैला "हं" म्हणायची. मुलगी दीक्षा नेपरव्हिलला, तिकडून रोज फोन. तिला खरं माहीत होतं. ती म्हणायची, "बाबा, यू हॅव टु टेल हर. आईला राइट आहे ना." तो म्हणायचा, "शाल होऊ दे. मग सांगतो."

कारण शालीचं त्यानं तेव्हाच मनावर घेतलं होतं. येत्या जयंतीला शैलाच्या खांद्यावर त्यानं स्वतः निवडलेल्या कापसाची निळी शाल असेल. एवढी एक गोष्ट जमली की बाकीचं बघू. डॉक्टरनं उन्हाळ्यापर्यंतचीच आशा दिली होती, म्हणजे एप्रिल गाठणं आलंच.

गिरणीतल्या गाठींतून कापूस घेता आला असता. त्या गाठींवर नंबर छापलेले असतात, काही चूक होण्याची सोयच नाही. पण त्याला ते नको होतं. तो गेला रॉकी माउंटच्या पुढे, ओटिस नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे, ऑक्टोबर संपता संपता. ओटिसनं दोन पोती पुढं केली. एक आधी वेचलेलं, एक मागल्या शेतातलं, जिथं थंडी लवकर पडल्यानं बोंडं अर्धीमुर्धी असतानाच उकललेली.

"तू सांग कुठलं," ओटिस म्हणाला. "तुला काय शिकवायचं?"

धर्मराजनं दोन्हींतला पुंजका ओढला. हातांना काही कळलं नाही. ओटिस बघत होता. मग त्यानं दोन्ही पुंजके ओठांना लावले. पहिला बरा होता. दुसरा रेशमासारखा मऊ.

त्यानं दुसरं पोतं घेतलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती धर्मराजला झोपेतही ठाऊक होती. कच्चा तंतू पिकलेल्यापेक्षा मऊ असतो. आत काही भरलेलंच नसतं, नुसती पातळ कातडी. बोटं त्याला लगेच पकडतात, कारण ओढताना तो झटका देत नाही, मुकाट तुटतो. ओठ मात्र फसतात. ओठांना मऊपणा कळतो, जीव कळत नाही. नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवायची ही गोष्ट. ती त्या दिवशी त्याला आठवली नाही, की आठवूनही त्यानं कानाआड केली, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

पोतं गिरणीत नेलं आणि कादंबरीनं त्यात हात घातला तेव्हा ती म्हणाली, "काका, सॅम्पल द्या की. नंबर काढून ठेवते."

"बायकोची शाल मशीनला विचारून करू?"

"तसं नाही ओ. आपलं सहज."

"सहजच नको."

तिनं पोत्यातला हात काढून घेतला. काकांच्या हातांवर तिची श्रद्धा होती. ती बिचारी त्याच श्रद्धेपायी चुकली.

*

सरकी काढायची होती. एवढ्याशा कापसासाठी जिनिंग कोण करणार? शैला म्हणाली, "आणा इकडे. माझ्या आजीनं काढलेली बघितली आहे." आणि ती डायनिंग टेबलाशी बसली, पोळपाट आणि लोखंडी सळई घेऊन. बोंडातला कापूस पोळपाटावर ठेवायचा, वरून सळई लाटायची, की सरकी पुढून टपकन बाहेर. केमोचे दिवस सोडून, अंगात जोर असेल त्या दुपारी ती हे करत बसायची. समोर धर्मराज सरक्या वाटीत गोळा करायचा. हिवाळाभर ते घर असं दिसत होतं, की सुमेधा भेटायला आली तर दारातच म्हणाली, "अगं, हे काय, वातींचा कारखाना काढलास की काय?"

"नाही. नापासकाकांनी या जन्मात एकदा काहीतरी पास केलंय," शैला म्हणाली. "त्याची पूजा चालू आहे."

एकदा लाटता लाटता तिनं एक पुंजका उचलला आणि दोन बोटांत धरून ओढला. हिंगणघाटची पोर ती, वेचणीला गेलेली. ओढला आणि क्षणभर तशीच बसली.

"काहून, काय झालं?" धर्मराजनं विचारलं.

"काही नाही. मऊ आहे हो फार."

"आहे ना?" तो खुलला. "असा कापूस मिळत नाही."

"नाही मिळत," शैला म्हणाली आणि सळई पुन्हा लाटायला लागली.

फेब्रुवारीत कादंबरीनं प्रयोगशाळेतल्या छोट्या यंत्रावर त्याचं सूत काढून दिलं. सूत वारंवार तुटत होतं, पण तिनं ते काकांना सांगितलं नाही. आपलंच काहीतरी चुकत असेल म्हणून दुरुस्त करत राहिली. मग लोरेन नावाच्या एका म्हातारीनं आपल्या हातमागावर ते विणलं. पांढरी शाल हातात आली तेव्हा तिच्यात खोड काढायला जागा नव्हती. धर्मराजनं ती गालाला लावली आणि गाडीत दहा मिनिटं तशीच धरून बसला. लोरेन म्हणाली, आता निळ्यात बुडवते, पुढच्या आठवड्यात ये.

पुढच्या आठवड्यात तो गेला. मार्च संपत आला होता, पाइनच्या झाडांची पिवळी भुकटी सगळ्या गाड्यांवर बसलेली. लोरेननं शाल टेबलावर पसरली आणि बाजूला झाली.

सगळ्या निळाईवर पांढरे ठिपके होते. बारीक, खसखशीएवढे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कच्चा तंतू रंग धरत नाही. पांढऱ्यात तो पांढराच दिसतो, बेमालूम लपतो. रंगात घातलं की उघडा पडतो. तंतूंच्या शाळेत त्याला मेलेला कापूस म्हणतात.

"सॉरी, डी," लोरेन म्हणाली. "मी दोनदा बुडवली."

"तुझी चूक नाही," धर्मराज म्हणाला.

घरी येऊन त्यानं गाडी गॅरेजमध्ये घेतली, दार खाली ओढलं आणि तिथंच बसला. पुन्हा सगळं करायला वेळ नव्हता. शेवटच्या दिवसांत सांभाळणारी हॉस्पिसची नर्स घरी यायला लागून आठवडा झाला होता. शैलाला आता खोलीतून हॉलपर्यंत यायला आधार लागत होता.

मग त्यानं जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं असतं तर याच माणसानं त्याची वर्षभर टर उडवली असती. तो दुकानात गेला, कापडावर लिहायची निळी पेनं घेऊन आला, गिरणीतलं भिंग काढलं, आणि गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसून एकेक पांढरा ठिपका निळा करायला लागला. एक ठिपका. दुसरा. रोज दुपारी, शैला झोपली की. दीक्षा रजा काढून आली होती. तिनं दार उघडून बघितलं, आणि आत निघून गेली. तिला भांड्यांचा आवाज करत रडायची सवय आईकडून आली आहे.

चौथ्या की पाचव्या दिवशी तो शैलाला पाणी द्यायला गेला. तिनं पेला घेतला आणि त्याचा हात तसाच धरून ठेवला. बोटांपासून मनगटापर्यंत निळी शाई लागली होती. पेन गळत होतं, त्याला कळलंच नव्हतं.

"हे काय?"

"पेन लीक झालं."

"शाल आली ना?"

"यायची आहे."

"दीक्षा," शैलानं हाक मारली. आवाज अगदी बारीक झाला होता, पण लायब्ररीतला धाक गेला नव्हता. "गॅरेजमध्ये काय आहे ते घेऊन ये."

दीक्षानं शाल आणून आईच्या मांडीवर ठेवली आणि खिडकीचा पडदा सारला. शैलानं ती उजेडाकडे धरली. एक बाजू पूर्ण निळी, पेनच्या शाईची चमक मारणारी. दुसरी बाजू ठिपक्यांची. ती बराच वेळ बघत होती.

"ग्रेड सांगा," ती म्हणाली.

"चांगली आहे."

"मंडळाचे पोहे नापास. विवेकभाऊंची खादी नापास. माझी मागची शाल चार बायकांत नापास केली. इथं काहून जीभ अडते?"

धर्मराज पलंगाच्या कडेला बसला. "नापास आहे," तो म्हणाला.

"कारण?"

"कच्चा कापूस. भरलेलाच नाही. रंग धरत नाही."

"तुम्ही कसा घेतला?"

दीक्षा जायला निघाली तर शैलानं तिला हातानंच थांबवलं.

"बोटं गेलीत माझी," धर्मराज म्हणाला. "तीन वर्षं होत आली. काही कळत नाही. पुंजका धरलाय की नाही, तेसुद्धा बघावं लागतं."

"मला माहीत आहे," शैला म्हणाली.

त्यानं वर बघितलं.

"तुम्ही शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून हिंडता. गरम तव्याला हात लागतो तरी काढत नाही. आणि मला ताप आला की कपाळाला हात लावायच्या ऐवजी ओठ लावता. पहिल्यांदा वाटलं, बाई गं, म्हातारपणी याला प्रेम फुटलं." ती हसली, मग खोकला आला, दीक्षानं पाठ चोळली. "मग कळलं, हातांना कळत नाही म्हणून. तरी म्हटलं, चालू दे. पोरगं झाल्यावर काही याचे ओठ वाट्याला आले नव्हते."

"आई," दीक्षा म्हणाली.

"तू गप. आणि कापूसही मी पहिल्याच दिवशी ओढून बघितला. आपल्याकडे शेवटी शेवटी निघतो ना, फरदडीचा, तसा. थंडीनं उकललेला. ओढला तर हूं की चूं नाही."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुम्ही पास केला होता," शैला म्हणाली. "जन्मात एक गोष्ट. ती मी नापास करू?"

बाहेर कोणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू होतं. ते बंद होईपर्यंत ती शालीवरून हात फिरवत राहिली.

"आता माझा वाचा," ती म्हणाली. "फोन काढा. खरा वाचा. मी लायब्ररीत वीस वर्षं इंग्रजी पुस्तकं लावली आहेत हो. नर्स काय बोलते ते मला कळतं. पण मला तुमच्या तोंडून पाहिजे. तुम्ही पास-नापास करणारे."

धर्मराजनं फोन काढला. निळ्या बोटांनी तो उघडेना, दोनदा चुकला. दीक्षानं उघडून दिला. त्यानं वाचलं. नंबर वाचले, त्यांचा अर्थ सांगितला, डॉक्टर ऑगस्टमध्ये काय म्हणाला होता ते सांगितलं. काही मागं ठेवलं नाही. आवाज एकदाच फाटला.

"म्हणजे जयंती?" शैलानं विचारलं.

"नाही जमणार."

"हं," ती म्हणाली. आजवर प्रत्येक खोट्या रिपोर्टाला म्हटलं होतं तेच 'हं'. मग तिनं शाल त्याच्याकडे सरकवली. "घाला मला. आजच."

त्यानं ती तिच्या खांद्यांवर घातली. ती फार बारीक झाली होती, शाल दोन वेढे फिरली. तिनं टोक धरून गालाला लावलं.

"मऊ आहे," ती म्हणाली. "आणि ते पेन फेकून द्या आता."

*

जयंतीच्या चार दिवस आधी शैला गेली. पांढरी साडी नेसवली, भंते आले, वंदना झाली. शाल बरोबर द्यायची का, असं दीक्षानं विचारलं तर धर्मराज म्हणाला, नको, तिनं सांगून ठेवलंय. आपल्या माणसाला मेलेल्या कापसात गुंडाळून पाठवू नका, असं म्हणाली होती, आणि वर म्हणाली होती, तुम्हीच वापरा, शिक्षा म्हणून.

त्या आठवड्यात तो गिरणीतही गेला. मॅनेजरच्या खोलीत जायच्या आधी त्यानं कादंबरीला बोलावलं आणि उरलेला कापूस तिच्या हातात दिला. "टाक मशीनवर." नंबर आला. तिनं तो बघितला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, मी तेव्हाच टाकायला हवा होता."

"मी नको म्हणालो होतो," धर्मराज म्हणाला. "यापुढे कोणी नको म्हणालं तरी टाकायचा. मी असलो तरी."

मग तो आत गेला आणि हातांचं सांगून आला. मॅनेजर चांगलं जेवण देऊन निरोप देतो म्हणाला. धर्मराज नको म्हणाला, जेवणाला नाव ठेवल्याशिवाय राहवणार नाही.

शनिवारी जयंतीला तो येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. आला. पांढरा सदरा, वरची दोन बटणं उघडी, खांद्यावर ती शाल. पेनचे ठिपके जांभळट पडायला लागले होते, त्यामुळे आता ती दोन तऱ्हांची दिसत होती, अर्धी पांढऱ्या नक्षीची, अर्धी जांभळ्या. सुमेधा जवळ आली, म्हणाली, "भाऊजी, शाल किती सुंदर आहे हो."

"नापास आहे," धर्मराज म्हणाला. "कच्च्या कापसाची आहे. मी निवडला. माझी बोटं गेलीत, म्हणून कळलं नाही. आणि कळायला हवं होतं."

हे त्यानं सुमेधाला सांगितलं, पुढं खुर्च्या लावणाऱ्या पोरांनी विचारलं तर त्यांना सांगितलं, पोळ्या वाढणाऱ्या बाईला सांगितलं. प्रत्येकाला तेच, तितकंच. गेली दोन वर्षं त्याच्या ओठांवर खिदळलेल्या तोंडांना त्या दुपारी फारसं खाववलं नाही.

विवेक मात्र उठला. त्यानं तोच पुण्याचा कुर्ता घातला होता. धर्मराजसमोर येऊन त्यानं बाही पुढं केली.

"बघ पुन्हा. तू चुकला असशील."

धर्मराजनं ती बाही दोन बोटांत धरली. डोळे मिटून थोडा वेळ धरून ठेवली. ओठाकडे नेली नाही.

"माहीत नाही रे," तो म्हणाला आणि बाही सोडून दिली. "मला नाही कळत."

विवेक त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसला. कोणीतरी दोघांच्या हातात पोह्यांच्या बश्या दिल्या. धर्मराजनं एक घास घेतला, चावला, बायकांचं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे. त्यानं दुसराही घास घेतला. काही बोलला नाही. बशी संपेपर्यंत तो काहीच बोलला नाही, आणि पोह्यांत मीठ नव्हतं हे त्या दिवशी दुसऱ्या कोणालातरी सांगावं लागलं.